आमच्या कुरडया, त्यांचा फोन नंबर

‘‘तुमच्या कुरडया फुलतच नाहीत हो! तेलात टाकल्या की दगडासारख्या तळाला जाऊन बसतात. वास तर इतका आंबूस येतोय की घरात कुणी तोंडाला लावेना. तीन किलोचे पैसे आधी घेतलेत आणि आता फोन उचलत नाही म्हणजे काय?’’

२०२३ सालच्या एप्रिलमधली दुपार. जेवणं उरकून मी ओटा पुसत होते. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात फोन. पलीकडे पुण्याच्या एक बाई होत्या. लेकीच्या लग्नात रुखवतावर ठेवायला म्हणून त्यांनी कुरडया मागवल्या होत्या. त्यांचा राग अगदी रास्त होता. फक्त एकच अडचण होती. आम्ही त्यांना कुरडया पाठवल्याच नव्हत्या! त्या वर्षी मार्चमध्ये अवकाळी पावसाने आणि गारांनी असा काही हात दाखवला होता, की आमच्या बचत गटाचा गहू अजून भिजतसुद्धा पडला नव्हता.

मी तसं सांगितलं तर बाई आणखीच चिडल्या. ‘‘अहो, तुमच्याच वेबसाइटवरून मागवल्या. तुमच्या आक्कांची गोष्ट वाचून तर मागवल्या. थांबा, पाठवते तुम्हाला.’’

दोन मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता आला. उघडला, आणि हातातलं फडकं तसंच राहिलं. रंग वेगळा, वरचं नाव वेगळं. पण खाली शब्दन् शब्द माझा. गव्हाच्या कुरडया, कोहळ्याचे सांडगे, बाजरीच्या खारोड्या, उपासाच्या चकल्या. आमच्या आक्कांचं ‘चीक बोलायला लागला की जाळ कमी करावा’ हे वाक्यही तिथे तसंच. आणि मी टाइप करताना ‘मापटं’चं ‘मापंट’ केलं होतं ना, तेसुद्धा तसंच! माझी सात वर्षांची चूक दुसऱ्याच्या अंगणात नांदताना दिसली तेव्हा हसावं की रडावं कळेना.

खरी कमाल पुढेच होती. ‘आमच्याविषयी’ या पानावर एका भारदस्त मिशीवाल्या गृहस्थांचा फोटो होता आणि त्याखाली मजकूर: ‘लग्न होऊन या घरात आले, तेव्हा मला सोऱ्यासुद्धा धरता येत नव्हता. सासूबाईंनी हाताला धरून शिकवलं...’

आता थोडं मागचं सांगते. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या चौदा बायका. बचत गटातून वाळवण करून विकतो. उन्हाळ्याचे तीन महिने आमची दिवाळी. २०१६ मध्ये माझा पुतण्या सुट्टीत घरी आला होता. तो म्हणाला, ‘‘काकू, तुम्ही वेबसाइट का नाही करत? मी करून देतो, तू फक्त लिही.’’ मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. लग्नानंतर लिहिणं म्हणजे किराणा मालाची यादी आणि गटाच्या बैठकीचं इतिवृत्त. त्यामुळे ‘तू फक्त लिही’ या शब्दांनी मला काय झालं, ते माझ्यासारख्या मैत्रिणींनाच समजेल. रात्री सगळं आवरलं की मी वही घेऊन आक्कांच्या ओसरीवर जाऊन बसायची.

आक्का म्हणजे आमच्या गटातल्या सगळ्यात थोरल्या. वयाची सत्तरी कधीच ओलांडलेली. सही करायला गटात आल्यावर शिकल्या. पण चिकाच्या आवाजावरून तो किती शिजला ते पलीकडच्या खोलीतून सांगतील. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक गाळायचा, रात्रभर निवळू द्यायचा, सकाळी वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं, मग मापाला माप पाणी घेऊन हिंग-मीठ घालून शिजवायचा. हे कुणीही सांगेल. पण चीक आधी ‘कुरकुरतो’, मग ‘बोलतो’, आणि मग ‘गप्प होतो’ हे फक्त आक्का सांगतात. गप्प झाला की तो सोऱ्यात भरायचा. मी ते तसंच उतरवून घेतलं. खाली लिहिलं, ‘आक्कांनी सांगितल्याप्रमाणे’. चाळीसेक पानं अशी तयार झाली. त्यावर ऑर्डरी येऊ लागल्या. मुंबई, नाशिक, एकदा तर बंगळुरूहून.

मिशीवाल्यांनी आक्कांचं नाव सगळीकडून काढलं होतं आणि आमच्या नंबरच्या जागी स्वतःचा घातला होता. खारोड्यांच्या पानावर मात्र आमचा नंबर परिच्छेदाच्या मधोमध होता, तो त्यांच्या नजरेतून निसटला. त्यांचा फोन लागेना तेव्हा पुण्याच्या बाईंनी तो शोधून मला फोन केला. त्या एका निसटलेल्या नंबरामुळे आम्हाला हे कळलं. नाही तर आमच्या नावाने खपणाऱ्या आंबूस कुरडयांची आम्हाला गंधवार्ताही नसती.

मी पहिली गोष्ट काय केली असेल? तर चूक. रागाच्या भरात गृहस्थांचा फोटो आणि नंबर टाकून ‘या चोराला जाब विचारा’ असा मजकूर चार ग्रुपवर पाठवला. अर्ध्या तासात तो कुठल्या कुठे गेला. माझी कॉलेजची मैत्रीण जिल्ह्याच्या कोर्टात वकिली करते. तिलाही कुणीतरी तो पाठवला. तिचा फोन आला तो कडाडतच. ‘‘आधी ते सगळीकडून काढ. उद्या तोच तुझ्यावर बदनामीचा दावा लावेल. आणि तुझ्या ओरडण्याने त्याने आज रात्री पानं उतरवली, तर तुझ्या हातात पुरावा काय राहील? वेडी आहेस का?’’

म्हणजे ओरडण्याआधी गोळा करायचं. घरी चोर शिरल्यावर आपण आधी पायाचे ठसे पुसतो का? मी नेमकं तेच केलं होतं. सुदैवाने पानं अजून होती. पुतण्याने त्या रात्री प्रत्येक पानाची चित्रं घेतली. वरचा पत्ता, तारीख, वेळ दिसेल अशी. ‘इंटरनेट अर्काइव्ह’ नावाची एक संस्था जगभरच्या संकेतस्थळांची पानं तारखेनिशी जपून ठेवते. तिच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये आमची २०१७ची पानं निघाली आणि मिशीवाल्यांचं नवं पानही पुतण्याने तिथे जतन करून ठेवलं. माझी वही होती. आक्कांच्या ओसरीवर लिहिलेली, तेलाचे डाग पडलेली. मैत्रीण म्हणाली, ‘‘हे डाग सोन्याचे आहेत, पुसू नकोस.’’ संगणकावरची चित्रं कोर्टापुढे ठेवायची तर त्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. तेव्हा ते पुराव्याच्या जुन्या कायद्याच्या कलम ६५ ब खाली द्यायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ त्याच्या जागी आलं आहे.

आणखी एक युक्ती पुतण्याने शिकवली. आपल्या लिखाणातलं एखादं असं वाक्य घ्यायचं की जे दुसरं कुणी लिहिणारच नाही, ते अवतरणचिन्हांत घालून शोधायचं. आम्ही ‘चीक बोलायला लागला’ घालून शोधलं. मिशीवाल्यांखेरीज आणखी दोन ठिकाणी आक्का निघाल्या! त्यांपैकी एकीला मी नुसता निरोप धाडला; तिने त्याच दिवशी माफी मागून खाली आक्कांचं आणि गटाचं नाव घातलं. असंही होतं, हे आवर्जून सांगते.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने मला समोर बसवलं. माझी पानं छापून आणलेली. हातात तांबडी आणि निळी पेन्सिल. ‘‘कायद्याने जे तुझं आहे ते तांबड्याने, जे तुझं नाही ते निळ्याने,’’ असं म्हणून ती रेघा ओढत सुटली. मी बघतच राहिले. पान निळं होत चाललं होतं! गहू तीन दिवस भिजवणं निळं. मापाला माप पाणी निळं. साहित्याची यादी निळी.

‘‘अगं, हे सगळं मी लिहिलंय,’’ मी कळवळून म्हटलं.

‘‘लिहिलंस तू, पण कुरडई कशी करतात ही माहिती आहे. माहितीवर, कल्पनेवर, पद्धतीवर कुणाचा कॉपीराइट नसतो. ती ज्या शब्दांत मांडलीस त्या मांडणीवर असतो.’’

मग तिने मला एक जुना खटला सांगितला. आर. जी. आनंद नावाच्या लेखकांचं ‘हम हिंदुस्तानी’ नावाचं नाटक होतं. त्यावरून ‘न्यू दिल्ली’ हा सिनेमा उचलला अशी त्यांची तक्रार. सिनेमा आला १९५६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १९७८ मध्ये! निकाल नाटककारांच्या विरुद्ध गेला. विषय एक असला तरी मांडणी वेगळी आहे, तेव्हा ही नक्कल नव्हे, असं न्यायालय म्हणालं. बावीस वर्षं! माझ्या पोटात गोळाच आला.

पण तांबड्या रेघाही होत्या. आक्कांच्या ओसरीचं वर्णन तांबडं. ‘लग्न होऊन या घरात आले’ तांबडं. आमच्या अंगणात काढलेले फोटो तांबडे. कॉपीराइट, म्हणजे आपला स्वामित्वहक्क, त्याचा कायदा १९५७ सालचा. तो म्हणतो, लिहिलं त्या क्षणापासून हक्क लिहिणाऱ्याचा; त्यासाठी कुठे नोंदणी करावीच लागते असं नाही. पानाच्या तळाशी इवलासा ‘सी’ काढला नाही म्हणून हक्क जात नाही. लिहिणारा असेतो आणि त्याच्यानंतर ६० वर्षं तो चालतो. म्हणजे माझ्या कुरडयांवर माझ्या पणतवंडांचाही हक्क! हे ऐकून माझ्या मिस्टरांना फार हसू आलं. नोंदणी हवीच असेल तर लिखाणाच्या एका कृतीसाठी ५०० रुपये फी आहे आणि पुढे वाद झालाच तर ती नोंद प्रथमदर्शनी पुरावा म्हणून कामी येते. आम्ही नंतर सगळ्या पानांची एक पुस्तिका करून ती केली.

‘‘आणि आक्कांच्या तोंडचं वाक्य? ते माझं की त्यांचं?’’ मी विचारलं.

मैत्रिणीने पेन्सिल खाली ठेवली. ‘‘हे मात्र तू मला विचारू नकोस. आक्कांना विचार. तू त्यांना विचारलं होतंस का, वेबसाइटवर घालू का म्हणून?’’

मी गप्प. खरं सांगायचं तर विचारलं नव्हतं. गटाचं काम आहे, त्यात काय विचारायचं, असं गृहीत धरलं होतं. त्या संध्याकाळी गेले ओसरीवर. सगळी हकीकत सांगितली. आक्का सुपात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘कुरडई काय माझ्या बापानं काढली व्हय? मी माझ्या आजीकडनं शिकले. तू घातलीस, बरं केलंस. त्यानं घेतली, घेऊ दे की. चार घरी कुरडई होईल.’’ मग थोडं थांबून, ‘‘पण माझं नाव का पुसलं गं त्यानं? आन् आंबूस माल माझ्या नावावर?’’

आता तिथे आक्कांचं नाव नव्हतंच, हे त्यांना समजावत बसले नाही. त्यांचं म्हणणं मला नेमकं कळलं होतं. आमच्या कायद्यातही हे कळलेलं एक कलम आहे, ५७ नंबरचं. हक्क कुणाला विकून टाकला तरीसुद्धा, हे माझं आहे असं सांगण्याचा आणि कुणी त्याची मोडतोड करून माझ्या लौकिकाला बट्टा लावला तर अडवण्याचा लेखकाचा अधिकार शाबूत राहतो. आक्कांनी ते कलम वाचलेलं नाही.

मग पत्र लिहिलं. मैत्रिणीने बजावलं होतं, धमक्या द्यायच्या नाहीत. उगाच पोकळ धमकी दिली तर समोरचा उलट त्यावरच कोर्टात जाऊ शकतो. तर साधं मराठी पत्र. आमची ही पानं, तुमची ही पानं, आमची या तारखेची, तुमची त्या तारखेची. सात दिवसांत काढा, आणि पुण्याच्या बाईंचे पैसे परत करा. ई-मेलने आणि रजिस्टर पोस्टाने, दोन्हीकडून.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘मॅडम, इंटरनेटवर आहे ते सगळ्यांसाठी असतं. तुम्ही पण कुठून तरी घेतलंच असेल. आणि हो, तो पहिल्या पानावरचा गच्चीतल्या कुरडयांचा फोटो तुमचा आहे का?’

मैत्रिणींनो, कानशिलं तापणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी पुतण्याला फोन लावला. ‘‘बाळा, तो पहिला फोटो कुठला रे?’’ पलीकडे शांतता. मग, ‘‘काकू, तेव्हा आपल्याकडे चांगला फोटो नव्हता ना... मी गुगलवरून घेतला होता.’’

फोटोवरून उलटा शोध घेतला. तो राजस्थानातल्या एका फोटोग्राफरचा निघाला. त्यातल्या त्या कुरडया तर नव्हत्याच, दुसरंच काहीतरी वाळत घातलेलं होतं! सात वर्षं आम्ही आणि आमचे ग्राहक त्याला कुरडया समजत होतो. मिशीवाल्यांनी तो फोटोही उचलला होता. पण आधी उचलला होता आम्ही.

त्या रात्री झोप लागली नाही. मी चौदाजणींना बोलावलं. एक-दोघी म्हणाल्या, ‘‘गुपचूप काढून टाकू या, कोण विचारतंय?’’ मला ते पटेना. फोटोग्राफरना लिहिलं: चूक झाली, काढला आहे, काय द्यायचं ते सांगा. आठ दिवसांनी त्यांचं हिंदीत उत्तर आलं. पैसे नकोत, पण पुढच्या वेळी विचारत चला. मला वाटलं होतं पैसे मागतील. मागितले असते तर बरं वाटलं असतं, असंही वाटून गेलं. आता पहिल्या पानावर आमच्या अंगणातला फोटो आहे. जरा तिरका आलाय, कोपऱ्यात कुणाचा तरी हिरव्या बांगड्यांचा हात आलाय. राहू दे.

मिशीवाल्यांनाही तसं कळवलं. फोटोबद्दल तुमचं बरोबर आहे, आम्ही दुरुस्त केलं. बाकीच्याचं काय? त्यावर उत्तर नाही.

सात दिवस गेल्यावर दुसरं दार ठोठावलं. प्रत्येक वेबसाइट कुठल्या तरी कंपनीच्या यंत्रावर ठेवलेली असते. मालकाचं नाव-गाव हल्ली बहुतेकदा झाकलेलं असतं, पण पानं कुणाच्या यंत्रावर आहेत ते शोधता येतं. आपल्या देशात २०१२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०१३ च्या नियमांप्रमाणे अशी सोय आहे, की लेखी तक्रार आली तर मजकूर साठवणाऱ्याने ३६ तासांत तो थांबवायचा. पण २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम आला नाही तर तो पुन्हा खुला करू शकतो. तक्रारीतच लिहून द्यावं लागतं की मी दावा दाखल करीन आणि त्या मुदतीत हुकूम आणून देईन. म्हणजे कोर्टाची पायरी चढायची तयारी असेल तरच. चौदा बायकांच्या गटाला २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम? आमच्याकडे सातबाऱ्याचा उतारा मिळायला कधी कधी तेवढे दिवस लागतात.

पण ही पानं निघाली अमेरिकेतल्या एका कंपनीच्या यंत्रावर. तिथला १९९८ चा कायदा वेगळा. आपल्या लेखनाला तिथेही संरक्षण आहे, कारण बर्न करार नावाचा जो जुना आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात दोन्ही देश आहेत. त्या कायद्यात तक्रार ठरावीक पद्धतीने करायची: मूळ पान कुठलं, नक्कल कुठली, माझं नाव-पत्ता, सही. आणि जे सांगते ते खरं आहे, हे लिहायचं; मला तक्रारीचा अधिकार आहे, हे तर खोट्या शपथेच्या शिक्षेची जोखीम पत्करून लिहायचं. हे वाचून मी यादी पुन्हा तपासली. फोटो वगळला. साहित्याच्या याद्या वगळल्या. मैत्रिणीने तांबड्याने रंगवलेलंच ठेवलं. एकेचाळीस पानांपैकी सतरा पानं उरली. गुगलकडेही अशाच तक्रारीचा अर्ज असतो. त्याने पान नाहीसं होत नाही, पण मंजूर झाला तर शोधात दिसायचं थांबतं. तोही भरला.

नऊ दिवसांनी पुतण्याचा फोन आला, ‘‘काकू, उघडून बघ.’’ सतराच्या सतरा पानं बंद.

आणि त्याच रात्री मिशीवाल्यांचा फोन. मी तयारीत होते, भांडायच्याच. पण आवाज वेगळा होता. ‘‘ताई, माझी वेबसाइट एका पोरानं करून दिली. मजकूर पण मीच घालतो म्हणाला. मी वाचलंच नव्हतं हो नीट. ते ‘लग्न होऊन आले’ तर माझ्या मुलीनं दाखवलं, तेव्हा लाज वाटली.’’ मग म्हणाले, ‘‘माझ्या घरात पण बायको न् बहीणच करतात सगळं. लिहिणारं कुणी नाही आमच्यात.’’

हे खरं की सारवासारव? मजकूर त्या मुलाने घातला असेल, पण फोटोचा टोमणा मारणारं उत्तर तर यांचंच होतं ना? मी तसं विचारलं. ते काही बोलले नाहीत. पुण्याच्या बाईंचे पैसे परत करतो म्हणाले, आणि केले. बाईंनी मला कळवलं. बाकी मोसम गेला तो गेलाच. त्या दोन महिन्यांत आमच्या किती ऑर्डरी तिकडे वळल्या याचा हिशोब काही लागला नाही. नुकसानभरपाईचा दावा आपल्याच जिल्हा न्यायालयात लावायची सोय कायद्यात आहे, आणि फौजदारीही आहे: सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजार ते दोन लाख दंड. गटात हात वर करून मत घेतलं. चौघी दाव्याच्या बाजूने, दहा विरुद्ध. मी त्या चौघींत होते. आजही मला वाटतं की आम्ही सोडून द्यायला नको होतं. पण गहू भिजत घातला होता आणि तारखांना कोण जाणार, हा दहाजणींचा प्रश्नही खोटा नव्हता.

फोन ठेवताना ते म्हणाले होते, ‘‘ताई, मग आमच्या बायकांचं तुम्ही लिहून द्याल का? पैसे देईन.’’ मला इतका राग आला की काही सुचलं नाही. मी फोन बंद केला. आक्कांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘मग? कधी जायचं?’’

मी अजून गेलेले नाही.

या मार्चमध्ये खारोड्यांचं पान नव्याने लिहायला घेतलं. आता आधी विचारते. सांगणारीने ऐकून ‘बरोबर’ म्हटलं की तिचं नाव वरती, आणि मगच बाजरी. सवयीने मी महिन्यातून एकदा ते जुनं वाक्यही शोधते. हल्ली ते सापडत नाही. पुतण्या म्हणतो, आता लोक मजकूर उचलतात आणि यंत्राकडून शब्द बदलून घेतात, मग अवतरणचिन्हांचा उपयोग होत नाही. त्याने शोधून एक पान दाखवलं. सगळा क्रम आमचा, आमच्या ओसरीचा तिथे ‘पारंपरिक व्हरांडा’ झालेला, आणि पुढे लिहिलं होतं, ‘चीक संवाद साधू लागताच ज्योत मंद करावी.’

मी ते आक्कांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

‘‘संवाद?’’ त्या म्हणाल्या. ‘‘कुणाशी?’’